बाकावरचा क्रम

सरकारी कागदावर एका धडधाकट हवालदाराला बाळंतपणात मारणारा माणूस आमच्या वऱ्हाडात एकच होऊन गेला, आणि तो मी. हवालदार गेला होता हे खरं. पण गेला होता न्यूमोनियाने. अकोल्याच्या मोठ्या इस्पितळातल्या नोंदखोलीत माझी बदली नुकतीच झाली होती. समोर रोगांच्या नंबरांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक, बाजूला गेलेल्यांच्या कागदांचा गठ्ठा, आणि मधे पुतळ्यासारखा मी. बोट एका पानावर, नजर दुसऱ्या पानावर, असं करत करत मी हवालदाराला बायकांच्या रोगांत नेऊन बसवलं आणि महिन्याचा तक्ता नागपूरला रवाना केला. तिकडून अगदी अदबीने विचारणा आली की, सदर हवालदाराची प्रसूती इस्पितळात झाली किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.

ते पत्र आमचे हेडक्लार्क भास्करराव मोहरीलांनी माझ्यापुढे ठेवलं. चष्मा कपाळावर चढवला. आरडाओरडा नाही, काही नाही.

"दिगंबरराव," ते म्हणाले, "लेकराचं नाव काय ठेवलं?"

माझी आणि मोहरीलांची ओळख ही अशी झाली. पुढे कित्येक महिने इस्पितळातली आयासुद्धा मला जाता-येता विचारायची, "काय जी, हवालदारीणबाई बऱ्या हायेत ना?" मी आपला हसायचो. आपल्या मूर्खपणावर लोकांनी हसण्याआधी आपण हसून घ्यावं, हे शहाणपण मला त्याच खोलीत आलं. बाकी शहाणपण तिथे काही आलं नाही.

काम ऐकायला सोपं होतं. डॉक्टरांनी कागदावर रोग लिहायचा, आम्ही त्या रोगाला ठरवून दिलेला नंबर पुस्तकात शोधून शेजारी टाकायचा. टायफॉईड चाळीस, कॉलरा त्रेचाळीस, धनुर्वात एकसष्ट, गोवर पंच्याऐंशी. मला हे आकडे कुलपाच्या किल्ल्यांसारखे वाटायचे. कुठली कुठे लागते ते कधी कळायचं नाही. मोहरीलांना मात्र ती घरं वाटायची. "थे त्याचं घर नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी एखादा नंबर टाकला की कागद उचलायचे, नाकाशी धरायचे, जणू वास घेतायत, आणि म्हणायचे, "दिगंबर, मेलेला मानूस आहे. जिवंतपनी भाड्याच्या खोलीत काढली त्यानं. आता तरी त्याले त्याच्या घरी सोड."

त्यांच्या तोंडात रोगांची नावं कधी यायचीच नाहीत. सकाळी वॉर्डात शिरले की सिस्टरला विचारणार, "चाळीस उठून बसला काय?" जठारपेठेत त्यांच्या शेजारच्या पोराला गोवर निघाला तेव्हा त्यांनी सगळ्या आळीला बजावलं, "त्या घरी पंच्याऐंशी आहे, पोरं पाठवू नका." आळीला वाटलं, त्या घरी पंच्याऐंशी पाहुणे आलेत. एका म्हातारीने तर विचारलं म्हणे, "बाप्पा! जेवाले काय करून राहिले मंग?"

काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री. ती ऊन असो, पाऊस असो, कधी उघडलेली मी पाहिली नाही. मधल्या सुट्टीत डबा खायला बाहेर जाताना ते टोपी काढून त्या जाड पुस्तकावर ठेवायचे. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मी इथीच आहे म्हणून पुस्तकाले समजलं पायजे." बायको लवकर गेली होती. ती टायफॉईडने गेली हे मला इतरांकडून कळलं. चाळीस हा आकडा ते दिवसातून वीसदा उच्चारायचे, पण ज्याच्या कागदावर तो शेवटचा लिहायचा असेल तो कागद मुकाट्याने माझ्याकडे सरकवायचे. एवढं सोडलं तर त्यांनी त्या गोष्टीचा कधी विषय काढला नाही. घरात एकच मुलगी, मालती. तिला मालू म्हणायचे. तिचं लग्न त्या उन्हाळ्यात अमरावतीला, अंबापेठेतल्या एका मास्तरांच्या घरी झालं होतं.

आता सुईचं सांगतो. साठ सालाच्या आधीच्या त्या वर्षांत आमच्याकडे सुईचं वेड होतं. गोळ्या देणारा डॉक्टर चिक्कू, पुड्या देणारा अडाणी, आणि सुई टोचणारा तो खरा डॉक्टर. खेड्यातून आलेला माणूस दवाखान्यात शिरल्याशिरल्या बाही वर करायचा. "गोळ्या देऊ नका जी. सुई मारा." ताप असो नसो. पेरणी झाली की ताकदीची सुई, कापूस वेचायच्या आधी ताकदीची सुई, पोरगी सासरी जायची तर ताकदीची सुई. ती लालभडक असली तर दुप्पट ताकदीची. मीसुद्धा मॅट्रिकला तिसऱ्यांदा बसण्याआधी घेतली होती. ताकद आली, पण ती गणितात उतरली नाही.

एका सुईने सकाळपासून किती हात टोचले जायचे, याचा कोणी विचार करत नव्हतं. मोहरील करायचे. मोठे साहेब, म्हणजे आमचे सिव्हिल सर्जन, यांनी त्यांना एकदा समोर बसवून समजावलं होतं की कावीळ एकच दिसते पण तिची घरं दोन. पाण्यातून येते ती साधी, ब्याण्णव नंबरची. दुसरी येते सुईतून नाहीतर दुसऱ्याचं रक्त चढवल्यातून, आणि ती लगेच येत नाही. दोन महिन्यांनी येते, कधी चार महिन्यांनी, माणूस सुई विसरून गेल्यावर. तिचं घर रोगांत नाहीच. ते पुस्तकाच्या पार शेवटी आहे, अपघातांत. विहिरीत पडणं, गाडीखाली सापडणं, साप चावणं, त्याच रांगेत.

हे मोहरीलांच्या मनात असं बसलं की काविळीने कोणी गेलं की ते नातेवाइकांना गाठायचे आणि हळूच विचारायचे, "सुई घेतली होती काय हो? इतक्यात नाही, मागं. आठवून पहा." लोक रडत असायचे. काही चिडायचे. एका तरुण डॉक्टरांनी एकदा त्यांना टोकलंही. "मोहरील, माणूस गेला. कुठून आला रोग हे कळून तुम्ही करणार काय?"

"घर वेगळं आहे साहेब," एवढंच मोहरील म्हणाले. डॉक्टर हसले आणि त्यांनी सही केली. त्या प्रश्नाचं उत्तर मोहरीलांना पुढे मिळालं. मिळालं नसतं तर बरं झालं असतं.

दिवाळी होऊन गेली होती. कापडाच्या दुकानातले एक मुनीमजी काविळीने गेले. त्यांचा मुलगा कागदासाठी आमच्या खोलीत आला आणि मोहरीलांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"घेतली होती," मुलगा म्हणाला. "जठारपेठेतल्या दवाखान्यात. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. बाहेर पोरांचे लाकडी बैल चालले होते, म्हणून ध्यानात आहे."

मोहरीलांची पेन्सिल थांबली. मग त्यांनी नंबर लिहिला, अपघातांतला, नेहमीच्या ठसठशीत अक्षरात. कागद बाजूला ठेवला. उठून माठातलं पाणी प्यायले, आणि भांड्यात उरलेलं उष्टं पुन्हा माठात ओतलं. हे मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं. उष्ट्याचं त्यांना फार होतं.

संध्याकाळी आम्ही बरोबरच निघालो. त्या दवाखान्यासमोर ते थांबले. आत एक लांब बाक होता, भिंतीला लावलेला, तेव्हा रिकामा. त्याच्या टोकाला हिरवा पडदा आणि पडद्यामागे कंपाउंडर.

"तान्ह्या पोळ्याले मी याच बाकावर बसलो होतो," मोहरील म्हणाले. "मालू संगं होती. महालक्ष्म्यांच्या आधी सासरी जायची होती, वाळून गेली होती पोरगी. म्हटलं एक सुई देऊन पाठवू. तिले भेव वाटे म्हणून आधी मी घेतली. मंग बाहेर बाजा वाजला, अन् मी बैल पाहाले गेलो."

"बरं मग?"

"मंग काय? तिचा नंबर कधी लागला, मी पाह्यलंच नाही. मी लाकडाचे बैल पाहून राहिलो होतो."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी हे मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी त्या दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं, दार लावून बोलले, आणि तिथे माणसागणिक सुया उकळू लागल्या. कंपाउंडरकडून एवढं कळलं की त्या दिवशी गर्दी होती, सुई स्पिरिटने नुसती पुसत होते, आणि चार-पाच माणसांनी एकदा उकळत होते. म्हणजे त्या रांगेत कोणाच्या तरी रक्तात ते विष होतं, त्याचं त्यालाही ठाऊक नसेल. त्याच्या पुढचे वाचले. मागचे, पुढच्या उकळीपर्यंतचे, सापडले. मालू पुढे होती की मागे, एवढाच प्रश्न उरला. त्या प्रश्नाने मोहरीलांना आतून कुरतडायला घेतलं.

टेबलावर ते वस्तू मांडायला लागले. पेपरवेट म्हणजे ते स्वतः. दौत म्हणजे मुनीमजी. टाचण्यांची डबी आणि रबर हे अजून पत्ता न लागलेल्यांसाठी, आणि मालूसाठी खडूचा पांढरा तुकडा. काम करता करता हात आपोआप तिकडे जायचा. खडू दौतीच्या आधी. खडू दौतीच्या नंतर. मी एकदा बावळटासारखा ती दौत उचलून पेन बुडवायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता.

"हलवू नको," ते म्हणाले. "आत्ताच बसले आहेत ते."

त्यानंतर मी घरून शाई आणायला लागलो.

एकदा असंच पेपरवेटकडे बघत म्हणाले, "लहानपणी दर्यापुरात मले कावीळ झाली होती, दिगंबर. आजीनं झाडपाल्यानं बरी केली."

"मग?"

"बाकावर पहिला तर मीच होतो."

म्हणजे ते विष आपल्याच रक्तातलं असेल, हेही त्यांनी मनात धरलं होतं.

माझं घर अमरावतीचं. दर रविवारी मी आईला भेटायला जायचो. आता मोहरीलही येऊ लागले. बडनेऱ्याला गाडी बदलायची, तिथे चहा घ्यायचा, आणि अमरावतीला उतरून ते अंबापेठेची वाट धरायचे. एक-दोनदा मलाही घेऊन गेले. लेकीच्या सासरी सारखं एकट्याने जाणं बरं दिसत नाही म्हणून. म्हणजे मी ढालीच्या कामाचा होतो. मला तिथे चिवडा मिळायचा, त्यामुळे ढालीची तक्रार नव्हती.

मालू दारात आली की हे आधी पिशवी पुढे करायचे. संत्री, नाहीतर हुरडा. मग म्हणायचे, "किती वाळली गं! जरा उजेडात ये पाहू." अंगणात न्यायचे. "वर पाय. त्या कौलावर काय आहे पाय बरं." ती वर बघायची, आणि हे तिच्या डोळ्यांचं पांढरं बघायचे. श्वास धरून. मग नखं. मग सहज विचारल्यासारखं, "भूक लागते ना?"

तिला काही सांगितलं नव्हतं. सांगून काय करणार, तिच्या जिवाला घोर, असं त्यांचं म्हणणं. स्वतःचे डोळे मात्र ते कधी बघत नसत. मी बघायचो, चोरून. बडनेऱ्याच्या फलाटावर ते उन्हाकडे तोंड करून बसले की मी वाकून बघायचो. एकदा त्यांनी पकडलं.

"काय पाहून राहिला?"

"काही नाही. चष्मा वाकडा झालाय तुमचा."

त्यांनी चष्मा काढला, सरळ होता तो वाकडा केला, आणि पुन्हा घातला.

बाकावरच्या आणखी एका माणसाचा पत्ता लागला. रशीदभाई टांगेवाले. कावीळ होऊन वॉर्डात पडले होते. काविळीने माणूस पिवळा होतो म्हणतात. रशीदभाई हळदीत बुडवून काढल्यासारखे झाले होते, पण जिभेला काही झालं नव्हतं. आम्ही खाटेशी गेलो तेव्हा ते सिस्टरशी मुळ्याच्या रसावरून भांडत होते.

"रशीदभाई," मोहरील त्यांच्या पायाशी बसले. "तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तुमी बाकावर होते. माझी पोरगी होती तिथी. निळं पातळ. आठवते?"

"आठवते ना साहब. नवी नवरी. बाजूले एक म्हातारी होती कापसाच्या जिनातली, खोकून राहिली होती."

"पोरगी तुमच्या आधी पडद्यामागं गेली का मागून?"

रशीदभाईंनी डोळे मिटले. त्या पिवळ्या पापण्यांकडे बघत मोहरील बसून राहिले.

"अब क्या बताऊँ साहब," ते शेवटी म्हणाले. "माझ्या आधी मुनीमजी गेले, एवढं याद आहे. बेटी कधी गेली, खुदा जाणे. पण बाहेर आली तवा हसून राहिली होती."

"हसून?"

"हां. पदर तोंडावर धरून."

परत येताना मोहरील जिन्यात थांबले. "सुई घेऊन कोणी हसते काय रे, दिगंबर? आणि तिले तर एवढं भेव."

रशीदभाई बरे झाले. इस्पितळातून निघताना त्यांनी आम्हाला जन्मभर फुकट टांग्याचं वचन दिलं, आणि घोडा तब्येतीने बरा नाही म्हणून ते कधी पाळलं नाही.

ती म्हातारी पौषात आली. गिरजाबाई. दर्यापूरकडच्या एका खेड्यातली, हंगामात अकोल्याला जिनावर सरकी वेगळी करायला यायची. पोट फुगलं होतं, शुद्ध नव्हती. दोन दिवस बायकांच्या वॉर्डात होती आणि गेली. तिचा कागद मी मोहरीलांच्या हातात दिला. तिचा मुलगा खोलीच्या उंबऱ्यातच उभा राहिला होता, आत यायला तयार नव्हता.

"मायनं सुई घेतली होती काय रे बाबा?" मोहरीलांनी विचारलं. "तान्ह्या पोळ्याले?"

"हो जी. पैसे नव्हते तिच्यापाशी, नुसती बसाले गेली होती दम लागला म्हनून. कोनं तरी फुकट देल्ली म्हने. देवमानूस भेटला म्हने. लय दिवस सांगत होती."

"कंपाउंडरनं दिली असंल," मोहरील मला म्हणाले, आणि नंबर लिहिला. अपघातांतला. तो मुलगा उंबऱ्यातून वाकून त्या कागदाला नमस्कार करून गेला. टेबलावर आता गिरजाबाईंचं रबरही रांगेत बसलं. खडूचा तुकडा सारखा हातात धरून धरून बारीक झाला होता.

आणि इथे मी माझी कामगिरी बजावली.

त्या रविवारी अंबापेठेत मोहरील मालूला घेऊन अंगणात गेले होते, आणि मी ओसरीवर चिवड्यासमोर. विहीणबाईंनी, म्हणजे मालूच्या सासूबाईंनी, विचारलं, "तुमचे साहेब दर आठवड्याला येतात, पोरीला उन्हात उभी करतात. हे काय आहे हो?" आता यावर 'बापाची माया' असं सांगून कोणीही सुटला असता. मी तोंड भरलेलं असताना म्हणालो, "काही नाही, डोळे बघायचे असतात त्यांना."

"कोणाचे?"

"मालूताईंचे."

"का? काय आहे डोळ्यांत?"

मी म्हणालो, "अजून तरी काही दिसत नाही."

हे वाक्य मी आजही आठवतो आणि उशीत तोंड खुपसतो. विहीणबाईंनी समजायचं ते समजून घेतलं. लग्नाआधी दडवलेला डोळ्यांचा आजार, आणि तो बापाला ठाऊक! आठवड्याच्या आत मालूला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, थेंब घातले. डॉक्टर म्हणाले, डोळे हरणासारखे आहेत. विहीणबाईंचा डॉक्टरांवरही विश्वास बसला नाही. घरात शब्द उठले. फसवणूक, असला शब्दही उठला.

पुढच्या रविवारी मालू अंगणात आली ती डोळे पुसतच. मी ओसरीवरून उठून जायला बघत होतो, पण विहीणबाई आत होत्या आणि बाहेर जायचा रस्ता अंगणातूनच होता. तेव्हा मी खांबाआड उभा राहिलो. ऐकायचं नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

"बाबा, आज मी वर पाहणार नाही," ती म्हणाली. "आधी सांगा, काय पाहून राहिले तुम्ही माझ्या डोळ्यांत?"

मोहरील पिशवीतली संत्री चाचपू लागले.

"सासूबाई म्हणतात आंधळी होणार आहे मी. तुमाले ठाऊक होतं म्हणतात. आहे काय तसं?"

"नाही गं."

"मंग?"

आणि त्यांनी सांगितलं. खाली बघत, तुटक तुटक. तो बाक, ती सुई, एकच सुई सगळ्यांना, ती कावीळ. कोण गेलं ते नाही सांगितलं. लोक आजारी पडतायत, एवढंच. "तुझा नंबर कधी लागला ते मी पाह्यलं नाही, मालू. तेवढंच मले समजत नाही. बाकी सगळे बसले आपापल्या जागी."

मालू त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय येतंय ते मला आधी कळेना. मग तिने पदर तोंडावर धरला. हसत होती.

"बाबा! अहो बाबा! मी सुई घेतलीच नाही."

"काय?"

"मले केवढं भेव वाटते सुईचं! तुम्ही बैल पाहाले गेले, अन् मी कंपाउंडरदादाले म्हटलं, नुसता कापूस चोळून द्या, बाबाले सांगू नका. त्यानं कापूस लावला दंडाला. घरी येईपर्यंत मी दंड धरून कण्हत होती, तुम्हाला आठवत नाही?"

मोहरील विहिरीच्या काठावर बसले. मग तेही हसायला लागले. मी त्यांना त्याआधी कधी दात दाखवून हसताना पाहिलं नव्हतं. मिशीत हसायचे ते. टोपी काढून मांडीवर घेतली, आणि नुसते हसत होते. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मी खांबाआड मूर्खासारखा हसत होतो.

"लबाड!" ते म्हणाले. "अगं लबाड पोट्टे!"

"अन् तुमची सुई वाया नाही घालवली हं मी," मालू म्हणाली. लाडात आली होती आता. "माझ्या बाजूला एक आजी बसली होती, जिनातली. नुसती दम खात बसली होती, पैसे नव्हते तिच्याजवळ. मी कंपाउंडरदादाले म्हटलं, माझी यांना द्या. किती आशीर्वाद दिले तिनं! पोरगा होईल म्हणाली. इथं हात ठेवला माझ्या डोक्यावर."

मी हसत होतो तो तसाच तोंड उघडं ठेवून थांबलो. कागद मीच दिला होता त्यांच्या हातात.

मालूही हळूहळू थांबली. "बाबा, पण मंग... तिले तर नाही ना काही झालं?"

रहाटाचा दोर वाऱ्याने हलत होता. मोहरीलांनी टोपी डोक्यावर ठेवली. दोन्ही हातांनी नीट बसवली.

"कोणाले? गिरजाबाईले?" ते म्हणाले. "तिले काय धाड भरली? धडधाकट आहे. मले दिसते ना बाजारात."

"तुम्ही ओळखता तिले?"

"आता ओळख झाली. इस्पितळाजवळच येते काही बाही विकाले. तुझी आठवण काढत होती. मले समजलं नाही तेव्हा, कोणत्या पोरीचं सांगून राहिली ते."

मालूने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

परतताना गाडीत ते खिडकीशी बसले होते, बाहेर कापसाची पऱ्हाटी उभी होती, बोंडं काढून नेलेली. सोमवारी टेबलावर पेपरवेट, दौत, डबी, रबर, सगळं आपापल्या कामाला लागलं होतं. खडू नव्हता.

मला वाटलं होतं, ते तेवढ्यावर संपलं. पण मालू दर भेटीत विचारू लागली. आजी कशी आहे? खोकला बरा आहे? आणि एका माणसाबद्दल एकदा 'आहे' म्हटलं की त्याला राहावं लागतं, खावं-प्यावं लागतं, हे मोहरीलांना माझ्यासमोर कळत गेलं. मृगात गिरजाबाईंनी जिनाचं काम सोडलं. त्यांच्या मुलाला बायको मिळाली. सून जरा आगाऊ होती, पण मनाने वाईट नव्हती. पुढल्या साली नातू झाला. मालूला मुलगा झाला तेव्हा गिरजाबाईंनी त्याच्या पायात बांधायला काळा दोरा पाठवला. मालूने तो बाळ चालायला लागेपर्यंत काढला नाही. आणि हेच मोहरील इकडे नोंदखोलीत मी एखादा आकडा चुकवला की कागद नाकाशी धरून म्हणायचे, "थे त्याचं घर नाही, दिगंबर." मी एकदा धीर करून म्हणालो, "साहेब, आता सांगून टाका. किंवा गेली म्हणून सांगा. म्हातारीच होती." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिला मारायला निघालो होतो.

साठ साल उलटल्यावर माझी बदली अमरावतीला झाली. ते निवृत्त झाले, जठारपेठेतच राहिले. त्यांना ती कावीळ कधी झाली नाही. बाकावर ते विष कोणाच्या रक्तात होतं, हेही कधी कळलं नाही.

शेवटचे दिसले ते एका लग्नासाठी मी अकोल्याला गेलो होतो तेव्हा. उन्हाळा होता. स्टेशनच्या वाटेवर एका दुकानाच्या पायरीवर ते बसले होते, टोपी, कोट, काखेत छत्री तशीच. दुकानातून वाळवणाचे सरगुंडे आणि मुगवड्या घेतल्या होत्या. कागदी पुडे उघडून ते सगळं एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात ओतत होते. नऊवारी, हिरवट, मधे विरलेलं. ते कुठून आणलं, मी विचारलं नाही. दुकानाचं नाव छापलेले कागद त्यांनी बारीक फाडून नालीत टाकले.

"अमरावतीला?" मी विचारलं.

"हो. मालूचा पोट्टा शाळेत जाऊन राहिला आता. गिरजाआजीच्या हातच्या मुगवड्या पाहिजेत म्हणतो."

त्यांनी गाठोड्याला गाठ मारली. चांगली, चौकोनी, सरकारी फायलीला मारतात तशी. थोडी लांब धरून बघितली. चष्मा कपाळावर चढवला.

"लय सफाईची आली," ते म्हणाले, आणि सोडायला लागले. "ती घाईची बाई आहे."

गाडीची वेळ होत आली होती. ते गाठ सोडत होते आणि पुन्हा मारत होते, जरा तिरपी, जरा ढिली, आणि दर वेळी मान हलवत होते.